जुन्या ड्रमच्या धातूच्या भागांवरील मुलामा : निवड आणि निगा (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

या प्रश्नोत्तरांत ‘जुने ड्रम’ म्हणजे ढोबळमानाने १९२० ते १९७० या दशकांत अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये बनलेले लुडविग, स्लिंगरलँड, ग्रेच, रॉजर्स, लीडी, प्रीमियर अशा कंपन्यांचे ड्रम, असे समजावे. शेलच्या (ड्रमच्या पोकळ अंगाच्या) लाकडाचा किंवा त्यावरील मोतिया आवरणाचा विचार येथे केलेला नाही. येथे विषय आहे तो लग (शेलवर बसवलेले, रॉड पकडणारे भाग), रिम (ड्रमचे चामडे ताणून धरणारे कडे), टेन्शन रॉड (रिम आवळणारे आटेदार दांडे), स्ट्रेनर (खालच्या बाजूला तारा असलेल्या स्नेअर ड्रमच्या तारा ताणणारी कळ), स्पर (ड्रम सरकू न देणारे पाय) आणि धातूच्या शेलवर चढवलेल्या मुलाम्याचा.

माझ्या ड्रमवर निकेल आहे की क्रोम, हे कसे ओळखावे?

दिवसाच्या उजेडात, खिडकीशी, पांढऱ्या कागदावर तो भाग ठेवून पाहावा. निकेलच्या चकाकीत किंचित पिवळसर, उबदार झाक असते. क्रोमची चकाकी निळसर आणि थंड असते. शेजारी एखाद्या आधुनिक स्टँडचा क्रोम केलेला पाय ठेवला की फरक लगेच कळतो. दुसरी खूण काळे पडण्याची. निकेल हवेत हळूहळू मंदावते आणि त्यावर करडा-पिवळा धुरकटपणा येतो. क्रोम धुरकट होत नाही, ते एक तर चकाकत राहते किंवा बारीक ठिपक्यांतून गंज दाखवू लागते.

साल माहीत असेल तर त्याचीही मदत होते. शोभेचे क्रोम १९२०च्या दशकाच्या उत्तरार्धात व्यापारी वापरात आले, पण ड्रमच्या धंद्यात पुढे बराच काळ निकेल हे नेहमीचे आणि क्रोम हे जादा पैसे मोजून घ्यायचे, अशी पद्धत होती. १९६०च्या आसपास क्रोम हेच नेहमीचे झाले. मधली युद्धाची वर्षे वेगळीच आहेत. अमेरिकेत धातूवर निर्बंध आल्यामुळे ड्रमच्या एकूण वजनात धातू दहा टक्क्यांच्या आत ठेवावा लागे, आणि स्लिंगरलँडच्या ‘रोलिंग बॉम्बर’सारख्या ड्रमवर लगसुद्धा लाकडाचे बसवले गेले. त्या काळातला ड्रम हाती आला तर मुलाम्याची चिंता बरीचशी आपोआप मिटते.

मुलाम्याखाली कोणता धातू आहे, हे कळणे इतके महत्त्वाचे का मानले जाते?

कारण निगा वरच्या थराची कमी आणि खालच्या धातूची जास्त घ्यावी लागते. पितळ, पोलाद, जस्ताचा ओतीव मिश्रधातू आणि ॲल्युमिनियम हे चौघे मुलाम्याखाली अगदी सारखे दिसतात, पण बिघडतात चार निरनिराळ्या रीतींनी.

चुंबक हे पहिले साधन. तो जोरात चिकटला तर खाली पोलाद आहे. अजिबात चिकटला नाही किंवा दोऱ्याला टांगलेला लहान, जोरकस चुंबक नुसताच किंचित ओढला गेला, तर पितळ, जस्त किंवा ॲल्युमिनियम समजावे. ही किंचित ओढ अनेकांना गोंधळात टाकते. निकेल स्वतः चुंबकीय धातू असल्यामुळे पितळेवरचा त्याचा जाडसर थरही चुंबकाला थोडा ओढतो. पुढचा उलगडा लग खोलून त्याच्या आतल्या, पोकळ बाजूला पाहिल्यावर होतो, कारण विजेच्या प्रवाहाने चढवलेला मुलामा खोलगट जागी नीट पोहोचत नाही. तेथे पिवळा धातू दिसला तर पितळ, राखाडी आणि ओतीव खरखरीत पोत दिसला तर जस्त. नळीसारखे बारीक लग बहुधा पितळेचे असतात, तर १९३०च्या दशकाच्या अखेरीनंतरचे जाडजूड, सुबक वळणांचे लग, उदाहरणार्थ लुडविगचे ‘इम्पीरियल’, जस्ताचे ओतीव असतात.

क्रोम गंजत नाही असे म्हणतात, मग माझ्या रिमवर गंजाचे ठिपके कुठून आले?

क्रोम खरोखरच गंजत नाही. त्याच्याखालचे पोलाद गंजते. ज्याला आपण क्रोमचा मुलामा म्हणतो तो मुख्यतः निकेलचा मुलामा असतो. निकेलचा थर साधारण १० ते ३० मायक्रॉन जाड असतो आणि त्यावर क्रोमचा थर जेमतेम पाव ते अर्धा मायक्रॉन. माणसाचा केस सुमारे ७० मायक्रॉन जाड असतो, यावरून हे क्रोम किती पातळ असते याची कल्पना यावी. ते झीज रोखते, निळसर चकाकी देते आणि निकेलला काळे पडू देत नाही, पण ते सच्छिद्र असते आणि ओल अडवण्याचे खरे काम निकेलवरच पडते.

आता निकेलला एखादे छिद्र पडले की काय होते ते पाहा. पत्र्यावर जस्त चढवतात तेव्हा ओरखडा उठला तरी जस्त आधी स्वतः झिजते आणि पोलादाला वाचवते. निकेलचे उलट आहे. निकेल आणि पोलाद ओलाव्यात एकत्र आले की झिजण्याची पाळी पोलादावर येते, आणि तीही त्या टाचणीच्या टोकाएवढ्या जागी एकवटून. म्हणून वरून पाहता रिम चकचकीत असते आणि मधेच एक तांबूस ठिपका दिसतो. भिंगाखाली धरली तर ठिपक्याच्या मध्यभागी एक काळे भोक आणि भोवती क्रोमची किनार किंचित उचललेली आढळते. १९६०च्या दशकातील स्वस्त जपानी किटांवर निकेलचा थर पातळ असे, म्हणून त्यांच्या पोलादी रिमवर हे ठिपके सर्वांत आधी येतात. ब्रिटिश प्रीमियरचे क्रोम मात्र जाड आणि टिकाऊ म्हणून नावाजलेले आहे, आणि ते नाव वावगे नाही.

मुलामा झिजला आहे. तो नव्याने करून घ्यावा का?

बहुतेक वेळा करू नये. ‘पितळ उघडे पडणे’ हा वाक्प्रचार आपल्याकडे नाचक्कीसाठी वापरतात, पण जुन्या ड्रमच्या बाबतीत रिमच्या कडेला काठीच्या आघातांनी निकेल जाऊन पितळ उघडे पडले असेल, तर ती नाचक्की नव्हे. तो त्या वस्तूच्या वयाचा दाखला आहे आणि संग्राहक त्याला किंमत देतात.

मात्र या सल्ल्यामागचे मुख्य कारण भावनेचे नाही. नवा मुलामा चढवण्याआधी जुना काढावा लागतो आणि पृष्ठभाग बफच्या (घासून चकाकी आणणाऱ्या कापडी) चाकावर गुळगुळीत करावा लागतो. मुलामा पुन्हा चढवता येतो. बफवर उडालेला धातू परत येत नाही. स्लिंगरलँडच्या ‘रेडिओ किंग’ या स्नेअर ड्रमच्या जुन्या पितळी रिमवर ड्रमचे नाव कोरलेले असते. बफ करणाऱ्याने दोन मिनिटे जास्त दाब दिला तर अक्षरांच्या कडा वितळल्यासारख्या दिसतात, आणि मग वर चढवलेले कितीही सुंदर निकेल ती अक्षरे भरून काढत नाही. लगच्या धारदार कडा, स्क्रूच्या भोकांचे काठ आणि स्ट्रेनरवरचा शिक्का यांचे असेच होते.

नवा मुलामा जेथे योग्य वाटतो अशाही जागा आहेत. पोलादी रिमचा निम्माअधिक भाग गंजला असेल, मूळ भागावर आधीच कोणीतरी रंग फासला असेल, किंवा दहा लगांच्या संचात एकच लग दुसऱ्या ड्रमवरून आणून बसवलेला आणि वेगळ्या रंगाचा असेल, तर करून घेण्यास हरकत नाही. पण संपूर्ण ड्रम ‘नव्यासारखा’ करून घेण्याची हौस असेल, तर एखादा नवा ड्रम विकत घेणे स्वस्त पडते.

गंजलेले क्रोम घरच्या घरी कसे स्वच्छ करावे?

आधी भाग ड्रमवरून पूर्ण खोलावा. ड्रमवर बसलेल्या लगभोवती घासत बसणाऱ्याच्या हातून शेवटी शेलवर ओरखडे उठतात. मग कोमट पाणी आणि भांडी धुण्याचा सौम्य द्रव साबण यांनी धूळ, घाम आणि सिगारेटचा चिकटपणा काढावा. जुन्या क्लबांत वाजलेल्या ड्रमचा निम्मा ‘गंज’ याच पायरीवर निघून जातो.

उरलेल्या ठिपक्यांसाठी स्वयंपाकघरातील ॲल्युमिनियमचा फॉइल पुरतो. त्याचा बोटभर बोळा करावा, पाण्यात बुडवावा आणि अगदी हलक्या हाताने गोल फिरवावा. थोड्याच वेळात करड्या-तपकिरी रंगाची पातळ लुगदी सुटते, ओल्या लोखंडाचा वास येतो आणि बोटाखालचा खरखरीतपणा कमी होत जातो. तो नाहीसा झाला की थांबावे. ॲल्युमिनियम क्रोमपेक्षा बरेच मऊ असल्यामुळे क्रोमवर ओरखडा उठत नाही. पुसून कोरडे केल्यावर जागोजागी टाचणीएवढे काळे ठिपके उरतील. ते गंजाचे नव्हेत, क्रोम आणि निकेल गेल्याने पडलेले खड्डे आहेत, आणि कितीही घासले तरी ते भरणार नाहीत. हेअर ड्रायरने खड्ड्यांतील ओल घालवावी आणि लगेच कार्नोबा मेणाचा पातळ हात द्यावा, म्हणजे पुढची ओल तेथे शिरत नाही.

हीच युक्ती निकेलवर चालते का?

नाही. निकेल क्रोमपेक्षा पुष्कळ मऊ आहे आणि त्यावर फॉइलच्या बारीक रेषा उमटू शकतात. निकेलसाठी मऊ सुती फडके आणि बारीक कणांचे, मुलाम्याच्या धातूंसाठी बनवलेले पॉलिश, तेही वर्षातून फार तर एकदा. पितळेची भांडी लखलखीत करणारी पॉलिशे निकेललाही लखलखीत करतात, हे खरे. पण ती दर वेळी थोडे थोडे निकेल खरवडून नेतात. काळवंडलेले फडके पाहून लोकांना मळ निघाल्याचे समाधान वाटते, आणि त्या काळ्यात मळाबरोबर निकेलही असते. निकेलचा मंद, दुधी झालेला रंग ही मला तरी दोषाची गोष्ट वाटत नाही.

लिंबू, चिंच, व्हिनेगर किंवा बाथरूम साफ करायचे आम्ल वापरले तर?

आपल्याकडे तांब्या-पितळेची भांडी चिंचेने घासण्याची सवय पिढ्यान्पिढ्यांची आहे, म्हणून हा प्रश्न हमखास येतो. उघड्या पितळेवर चिंच ठीक आहे. मुलाम्याच्या वस्तूवर, विशेषतः जस्ताच्या ओतीव लगवर, कोणतेही आम्ल नको. सुरुवातीच्या काळात मी स्वतः चार लग रात्रभर व्हिनेगरमध्ये ठेवले होते. सकाळी वरची बाजू स्वच्छ निघाली होती, पण आतल्या, मुलामा न पोहोचलेल्या बाजूला जस्ताला बुडबुडे फुटून ते सच्छिद्र झाले होते, आणि पुढल्या महिन्यात दोन लगांवरचे क्रोम पापुद्र्यासारखे सुटले. ते लग आजही खणात आहेत. प्रश्न विचारणाऱ्याला तेच दाखवतो.

बाथरूमसाठीच्या अनेक द्रवांत हायड्रोक्लोरिक आम्ल असते. मुलामा करणारे कारागीर जुने क्रोम उतरवण्यासाठी हेच आम्ल वापरतात, एवढे सांगणे पुरे. त्याची वाफसुद्धा जवळच्या पोलादावर गंज आणते, त्यामुळे अशी बाटली ज्या कपाटात असेल त्यात ड्रमचे सुटे भाग ठेवू नयेत.

लगवर फोड आले आहेत आणि मधून पांढरी भुकटी निघते. हे काय आहे?

ते जस्ताचे क्षरण आहे. मुलाम्यातील छिद्रातून ओल आत गेली की जस्ताचे पांढरे क्षार तयार होतात, ते मूळ धातूपेक्षा जास्त जागा घेतात आणि वरचा मुलामा फोडासारखा उचलला जातो. फोड फोडू नये. भुकटी मऊ ब्रशने झाडावी, भाग पूर्ण सुकवावा, मेण लावावे आणि तो कोरड्या जागी ठेवावा.

याहून वाईट प्रकार म्हणजे ओतताना जस्तात शिशासारखी अशुद्धी राहिलेली असणे. अशा तुकड्यात कणांच्या सीमांवरून तडे जातात, लग फुगतो, वाकतो आणि टेन्शन रॉड आवळताना तुटतो. त्यावर मुलामा करण्यात पैसे घालू नयेत.

पितळी लगही निर्दोष नसतात. रॉजर्सचे पातळ पितळेचे, ‘ब्रेड अँड बटर’ या टोपणनावाने ओळखले जाणारे लग तडकण्याबद्दल कुप्रसिद्ध आहेत, आणि १९६०च्या दशकाच्या मध्यावर कंपनीने त्यांच्या जागी ओतीव ‘बीव्हरटेल’ लग आणले. असा लग बफवर देणे म्हणजे आधीच पातळ असलेली भिंत आणखी पातळ करणे होय.

लुडविगच्या सुप्राफोनिक स्नेअर ड्रमचे क्रोम एवढे का सोलवटते?

कारण त्याचा शेल ॲल्युमिनियमचा आहे. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीचे काही शेल पितळेचे होते. १९६३च्या सुमारास कंपनी ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूवर आली. ॲल्युमिनियमवर हवा लागताच ऑक्साइडचा पापुद्रा धरतो आणि त्यावर दुसरा धातू घट्ट बसत नाही, म्हणून आधी जस्ताचा अत्यंत पातळ थर रासायनिक क्रियेने द्यावा लागतो आणि मग बाकीचे थर चढवावे लागतात. या साखळीत एक कडी कच्ची राहिली की पुढे घामाने आणि दमटपणाने फोड येतात. त्याच कंपनीचा ‘ॲक्रोलाइट’ हाही ॲल्युमिनियमचाच, पण त्यावर मुलामा नसून धातूचेच ॲनोडायझिंग (विजेच्या साहाय्याने पृष्ठभागावर ऑक्साइडचा टणक थर वाढवणे) केलेले असते, त्यामुळे त्याला ही व्याधी नाही.

सोलवटलेला सुप्राफोनिक नव्याने क्रोम करून घ्यावा का, असे विचारणाऱ्यांना माझे उत्तर नेहमी एकच असते : वाजवा. आवाजावर त्या फोडांचा परिणाम ऐकू येत नाही, आणि पातळ शेल बफवर धरण्याचा धोका मात्र खरा आहे. सुटलेल्या पापुद्र्यांच्या कडा बोटाला लागत असतील तर तेवढ्यावर पारदर्शक लॅकरचा हात द्यावा.

सोनेरी आणि काळ्या मुलाम्याचे काय?

सोन्याचा मुलामा अतिशय पातळ असतो. त्याला पॉलिश कधीही लावू नये. ओलसर मऊ फडके आणि मग कोरडे फडके, एवढेच. काही जुन्या ड्रमवर सोनेरी दिसणारा थर सोन्याचा नसून पितळेवरचे रंगीत लॅकर असते, त्याला स्पिरिट लागले तर ते विरघळते.

१९२०च्या दशकातील लुडविगच्या ‘ब्लॅक ब्यूटी’ प्रकारच्या ड्रमवर पितळी शेलला काळे निकेल चढवून ते कोरून काढलेले असते, म्हणजे नक्षीच्या रेषांत खालचे पितळ दिसते. ही सर्वांत नाजूक जात. अशा ड्रमवर धूळ झाडण्यापलीकडे काहीही स्वतः करू नये.

मुलामा करणाऱ्याकडे भाग देताना काय सांगावे?

महाराष्ट्रातील बहुतेक दुकानांचे रोजचे काम दुचाकीचे हँडल, सायलेन्सर आणि नळाचे भाग हे असते, आणि ते काम ते उत्तम करतात. अडचण अशी की सायलेन्सरला जितका बफ लागतो तितका लगला लागत नाही. म्हणून ‘बफ कमीत कमी, कडा आणि अक्षरे तशीच ठेवा’ हे तोंडी सांगून भागत नाही. चिठ्ठीवर लिहून भागांसोबत द्यावे. एकदा एका दुकानातून माझ्या रिमच्या कडा अशा गोल होऊन आल्या की मूळ दुसरी रिम शेजारी ठेवल्यावर ती वेगळ्या कंपनीची वाटावी.

जस्ताचे भाग वेगळे बांधून, वर ‘जस्त’ असे ठळक लिहून द्यावेत. जस्ताला आम्ल आणि तीव्र क्षार दोन्ही खातात, शिवाय निकेलच्या आम्लयुक्त टाकीत जाण्याआधी त्याला तांब्याचा संरक्षक थर द्यावा लागतो. हा थर सायनाइडच्या द्रावणातून चढवतात, आणि ते काम प्रत्येक दुकानात होत नाही.

टेन्शन रॉडच्या आट्यांवर मुलामा चढू देऊ नये. आट्यांच्या उतारामुळे थराच्या जाडीच्या चौपटीने आट्यांचा प्रभावी व्यास वाढतो. १० मायक्रॉन निकेल चढले तर ४० मायक्रॉनची वाढ होते आणि रॉड लगच्या नटात अडकतो. अमेरिकन ड्रमवरचे रॉड सहसा १२-२४ मापाच्या आट्यांचे (१२ क्रमांकाचा व्यास, इंचाला २४ आटे) असतात आणि नवे सहज मिळतात, म्हणून गंजलेले रॉड मुलाम्याला देण्यापेक्षा बदलून मूळ रॉड पिशवीत जपून ठेवणे शहाणपणाचे. स्ट्रेनरच्या स्प्रिंगा तर देऊच नयेत. कडक पोलादात मुलाम्याच्या वेळी हायड्रोजन शिरून ते ठिसूळ होते. तो घालवण्यासाठी भाग लगेच भट्टीत कित्येक तास तापवावा लागतो, आणि एवढी तसदी एका स्प्रिंगसाठी कोणी घेत नाही.

शेवटी, देताना भाग मोजून, फोटो काढून द्यावेत. वॉशर हमखास हरवतात.

नवे क्रोम जुन्याशेजारी वेगळे का दिसते?

जुने क्रोम षट्‌संयुजी क्रोमियमच्या द्रावणातून चढवलेले असते. हे द्रावण कर्करोगकारक आहे, आणि युरोपीय संघात २१ सप्टेंबर २०१७ नंतर क्रोमियम ट्रायऑक्साइड खास परवानगीशिवाय वापरता येत नाही. त्याऐवजी अनेक ठिकाणी त्रिसंयुजी क्रोमियम वापरतात, आणि त्याची छटा किंचित गडद किंवा पिवळसर येऊ शकते. एकच लग करून घ्यायचा असेल तर दुकानात कोणते द्रावण आहे हे आधी विचारावे. हे काम घरी बादलीत करून पाहण्याचा विचार कोणीही करू नये.

मुंबई, कोकण आणि गोव्याच्या हवेत असे ड्रम कसे जपावेत?

हिंदी चित्रपटसंगीताच्या ध्वनिमुद्रणांत कावस लॉर्ड आणि त्यांचे पुत्र केर्सी व बुजी लॉर्ड यांच्यासारख्या वादकांनी, तसेच गोव्यातील आणि मुंबईतील नृत्यबँडांनी पाश्चात्त्य ड्रम दशकानुदशके वाजवले, तेव्हा आपल्याकडे सापडणाऱ्या जुन्या ड्रमचे अर्धे आयुष्य खाऱ्या हवेतच गेलेले असते. हवेतील मीठ निकेलच्या छिद्रांत शिरते आणि पावसाळ्यात तेथे ओल धरून ठेवते.

वाजवून झाल्यावर रिम आणि लग कोरड्या फडक्याने पुसणे हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत परिणामकारक उपाय आहे, कारण घामातही मीठच असते. ड्रम ओलसर केसमध्ये बंद करून महिनोन्‌महिने ठेवू नयेत. आत फेल्ट किंवा स्पंज असेल तर तो पाणी शोषून धातूला चिकटवून ठेवतो. सिलिका जेलच्या पिशव्या ठेवल्या तर त्या दर काही आठवड्यांनी तापवून कोरड्या कराव्यात, अन्यथा त्या नुसत्या पिशव्याच असतात. जून लागण्याआधी रिम काढून मेणाचा एक हात द्यावा आणि टेन्शन रॉडच्या आट्यांना शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब लावावा. थेंब म्हणजे थेंबच. जास्तीचे तेल आट्यांवरून खाली उतरते, लगच्या आतल्या फेल्टमध्ये मुरते आणि लाकडी शेलवर डाग पाडते.